साखर न दिसणारे यंत्र

“बाई, या पाण्यात काय आहे ते तुमच्या यंत्राला विचारा,” मी म्हणालो आणि काचेचा चंबू त्यांच्यापुढे सरकवला.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्या सकाळी आम्ही चौघे उभे होतो. कार्यकारी संचालक खराडेसाहेब, ज्यांना सारा कारखाना एम.डी. म्हणत असे, चीफ इंजिनीअर हिंदुराव मोहिते, चीफ केमिस्ट या नात्याने मी, आणि यंत्र विकायला आलेल्या रेवती बिरनाळे. बाईंनी चंबू उजेडात धरून पाहिला, मग आपली पोलादी कांडी त्यात बुडवली. कांडीच्या टोकाला दोन काळ्या पट्ट्या होत्या आणि दुसऱ्या टोकाची तार एका लहानशा पेटीत जात होती. पेटीवरचा आकडा किंचित थरथरला व शून्याच्या जवळच स्थिरावला.

“शुद्ध पाणी म्हणतंय,” बाई म्हणाल्या.

मी चंबूतले थोडे पाणी पेल्यात ओतून मोहित्यांच्या हाती दिले. “चाखा.”

मोहित्यांनी घोट घेतला आणि डोळे विस्फारले. “आयला, सरबत की हे! लिंबू तेवढं राहिलंय, चीफ.”

आपला डाव अचूक बसला, असे मला वाटले. वादात जिंकण्याची मला त्या वयात मोठी हौस होती. बाईंनी मात्र पेल्याकडे पाहिलेही नाही. त्यांची नजर अजून आकड्यावरच होती.

“साखर पोत्यातली नाही ही,” त्या म्हणाल्या. “पोत्यातली असती, तर आकडा जरा तरी वर गेला असता. तुम्ही बाटलीतली घेतलीत, प्रयोगशाळेची. आणि पाणी ऊर्ध्वपातित.”

“खरं आहे,” मला म्हणावे लागले.

“मग यंत्र बरोबर बोललं. साखर त्याला दिसत नाही.”

हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की माझा अर्धा विजय तिथेच विरला. खराडेसाहेबांचा चेहरा मात्र लाल झाला.

साहेबांच्या रागाचे कारण सांगायला हवे. साखर कारखान्यात उसाचा रस आटवण्यासाठी उंच पोलादी भांडी असतात. आम्ही त्यांना बॉडी म्हणतो. प्रत्येक बॉडीच्या पोटात शेकडो उभ्या नळ्या असतात. नळ्यांच्या आतून रस उकळतो आणि बाहेरून त्यांना वाफ वेढते. ही वाफ निवून जे पाणी होते ते बॉयलरला परत पाजायचे, ही आमची रीत, कारण तसले पाणी ना विहिरीत मिळते ना नदीत. पण एखादी नळी फुटून रस त्या पाण्यात मिसळला आणि बॉयलरमध्ये पोहोचला, तर साखरेचे आम्ल होते, पाणी फेसाळते आणि पोलाद कुरतडले जाते. त्याच वर्षी कारखान्याने उच्च दाबाचा नवा बॉयलर बसवला होता. त्यासाठी प्रयोगशाळेतली माणसे दर तासाला प्रत्येक वाहिनीतले पाणी परीक्षानळीत घेत, त्यात रसायनाचे थेंब टाकीत, आणि जांभळे कडे उमटते का ते पाहत. कडे म्हणजे साखर. साहेबांना ही तासातासाची उठाठेव बंद करून तिच्या जागी अहोरात्र जागणारी यंत्रे बसवायची होती. बाईंनी आठवडाभर पहिल्या बॉडीच्या पाण्यावर आपले यंत्र चालवून दाखवले होते आणि सगळ्या वाहिन्यांची मागणी त्यांना मिळणार, हे जवळजवळ ठरले होते.

“साखर दिसत नाही म्हणता?” साहेब म्हणाले. “साखर कारखान्यात येऊन? मग आठवडाभर आम्हाला काय दाखवत होता वो बाई?”

“रस दाखवत होते. रसात साखरेबरोबर क्षार असतात, ते दिसतात. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, साहेब, पण तुम्हाला मीटिंग होती.”

“आता सांगा की. मोहित्यांना कळेल असं सांगा.”

“म्हणजे तुम्हाला कळंल असं,” मोहिते हळूच म्हणाले.

बाईंनी कांडी उचलून दाखवली. “या दोन पट्ट्या. यांच्यामध्ये पाणी येतं. पट्ट्यांना मी वीज देते, आणि ती क्षणोक्षणी उलटसुलट फिरवते, नाहीतर पट्ट्यांवर थर बसून माप बिघडेल. आता शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. ती वाहायला हमाल लागतात. मीठ, चुना, सोडा, असला कुठलाही क्षार पाण्यात पडला की त्याचे कण सुटे होतात, विजेचा भार घेतात आणि इकडून तिकडे पळतात. जितके हमाल जास्त, तितकी वाहतूक जास्त. मी वाहतूक मोजते आणि तिच्यावरून हमाल ओळखते. पाणी गरम असलं की हमाल जोरात पळतात, म्हणून आत एक बारीक तापमापक आहे. तो तेवढी सूट वजा करतो.”

“आणि साखर?”

“साखर पाण्यात पूर्ण विरघळते, सगळीकडे पसरते, पण भार उचलत नाही.”

“म्हणजे आमच्या संचालक मंडळासारखी,” मोहिते म्हणाले.

साहेबांनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की मोहिते खिडकीबाहेरचे धुरांडे न्याहाळू लागले.

“आटवण्याच्या बॉड्यांवर हे यंत्र भरवशाचं आहे,” बाई पुढे म्हणाल्या, “कारण तिथे रसाचा थेंब क्षार घेऊनच येतो. पण साखरेचे दाणे धरतात त्या पॅनवर पाक दाट असतो. साखरेच्या मानाने क्षार थोडे. तिथून बारीक थेंब उडाला, तर मला कळेलच असं नाही. तिथे चीफसाहेबांची नळीच हवी.”

“म्हणजे यंत्र घ्या आणि माणसं पण ठेवा. मग आम्ही काय मिळवलं?” साहेबांनी घड्याळाकडे पाहिले. “राहू द्या, बाई. संध्याकाळी तुमचं सामान काढून घेऊन जा.”

साहेब निघून गेले. बाईंनी कांडी स्वच्छ धुऊन, पुसून, पेटीत ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसले नाही, पण या मागणीवर काय अवलंबून होते ते आम्हाला ठाऊक होते. पुण्यातल्या एका मोठ्या कंपनीतली नोकरी सोडून त्यांनी कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेतली होती. तीन कारागीर हाताशी घेऊन त्या हे यंत्र स्वतः बनवीत. त्या हंगामात एकाही कारखान्याने यंत्रे घेतली नाहीत, तर शेडला कुलूप लावून पुन्हा त्या जुन्या कंपनीच्या दारात उभे राहायचे, हे त्यांनीच एकदा चहा घेताना, हवापाण्याच्या गोष्टी सांगाव्यात तशा स्वरात, सांगितले होते.

“सामान आता नाही काढता येणार,” त्या मला म्हणाल्या. “आज तुमचं क्लीनिंग आहे. पाइप तापलेला असेल. उकळी संपल्यावर काढते.”

क्लीनिंग म्हणजे काय, तेही सांगतो. रस आटता आटता नळ्यांच्या आत दगडासारखा कीट बसतो. तो काढण्यासाठी हंगामात ठरावीक अंतराने गाळप थांबवतात, बॉड्यांमध्ये रसाऐवजी कॉस्टिक सोड्याचे पाणी भरतात आणि बाहेरून वाफ देऊन ते दिवसभर उकळवतात. त्या दिवशी ऊस टाकायची गव्हाण थंड असते, चरकांचा घरघराट नसतो, आणि यार्डात उसाच्या गाड्यांची रांग मात्र वाढत जाते. जू उतरवलेले बैल उसाचे वाढे चघळत बसतात व गाडीवान घोळक्या-घोळक्यांनी कारखान्याचा उद्धार करतात.

दुपार कलल्यावर उकळी पुरी झाली. मोहित्यांच्या माणसांनी पहिल्या बॉडीची वाफ बंद केली. मी तेव्हा तिथेच होतो. वाफेचा आवाज थांबला, क्षणभर सारे शांत झाले आणि थोड्याच वेळात बाईंच्या पेटीवरचा दिवा लाल होऊन भोंगा वाजू लागला.

“घ्या,” मोहिते म्हणाले. “वाफ होती तोवर गप्प होतं. आता काहीच चालू नाही आणि हे बोंबलतंय. बाई, भूक लागली असेल त्याला.”

“वायर सुटली असेल,” कोणीतरी म्हणाले.

बाईंनी वाहिनीच्या तोंडाशी जाऊन ग्लासात पाणी काढले, ते निवू दिले आणि दुसरी, हातात धरायची कांडी त्यात घातली. आकडा तोच आला. तरीही त्यांचे समाधान झाले नाही. पिशवीतून त्यांनी एक बाटली काढली. तिच्यात मोजून केलेले मिठाचे पाणी होते. हातातली कांडी त्यात बुडवून पाहिली; ती खरे बोलत होती, म्हणजे पाइपातलीही. दुसऱ्याच्या पाण्यावर आरोप करण्यापूर्वी स्वतःच्या यंत्राची अशी झडती घेणारा विक्रेता मी तोवर पाहिला नव्हता आणि त्यानंतरही क्वचितच पाहिला.

“पाणी तापलेलं आहे,” मी शंका काढली. “गरम पाण्यात वाहतूक वाढते, हे सकाळी तुम्हीच सांगितलंत.”

“वाढते. पण वाफ बंद झाल्यापासून पाणी निवत चाललंय. आकडा खाली यायला हवा होता, चीफसाहेब. तो वर गेलाय.”

मी प्रयोगशाळेतल्या शौकत तांबोळीला हाक मारली. त्याने नळीत पाणी घेतले, रसायन टाकले, हलक्या हाताने आम्ल सोडले. आम्ही सारे नळीवर वाकलो. जांभळे कडे उमटले नाही.

“साखर नाही,” तांबोळी म्हणाला.

“तर!” मोहिते म्हणाले. “नळी म्हणते काही नाही.”

“नळी बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. “साखर नाहीच यात. आज बॉडीत रस कुठाय? चीफसाहेब, तुमच्याकडे फिनॉल्फ्थॅलीन असेल ना?”

त्या शब्दासरशी माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब सोड्याच्या पाण्यात पडला की गुलाबी होतो. शाळेतली पोरेही हा प्रयोग करतात. तांबोळीने थेंब टाकला आणि ग्लासातले पाणी गुलालासारखे झाले. सकाळी माझ्या नळीला जे दिसत होते ते त्यांच्या यंत्राला दिसत नव्हते. आता त्यांच्या यंत्राला दिसले ते माझ्या नळीला दिसत नव्हते. बॉडीच्या नळ्यांच्या आतला सोडा नळ्यांच्या बाहेर आला होता.

“पण मग दिवसभर का नाही आला?” मोहित्यांनी विचारले. थट्टेचा सूर आता निम्मा उतरला होता.

“दिवसभर बाहेरून वाफेचा दाब होता. भोक असलं, तर वाफ आत घुसत होती, सोडा बाहेर येत नव्हता. वाफ बंद झाली, उरलेली निवून पाणी झाली, बाहेरची बाजू पोकळ झाली; मग तिने आतलं ओढून घेतलं. रस भरल्यावर पण असंच होईल. गाळप सुरळीत असेल तोवर काही कळणार नाही. ज्या क्षणी वाफ कमी पडेल, त्या क्षणी रस बॉयलरच्या वाटेला लागेल. तुमची नळी तासाने बघणार.”

“सांडलं असेल कॉस्टिक वाहिनीत. ग्लास खराब असेल. शंभर कारणं असतात,” मोहिते म्हणाले.

“असतील. म्हणून बॉडी रिकामी करा, वाफेच्या बाजूला पाणी दाबून भरा आणि आत उतरून बघा. फुटलेली नळी असेल तर तिच्यातून पाणी येईल.”

“आणि गाळप?”

“उद्यावर.”

निरोप गेला आणि खराडेसाहेब स्वतः आले. यार्डातून येताना गाडीवानांनी त्यांना चांगलेच ऐकवले असावे.

“उद्यावर?” साहेब म्हणाले. “बाहेर जाऊन बगा जरा. ऊस वाळतोय, बैलं तटलीत, आणि तुम्ही सकाळी ज्याला साखर दिसत नाही म्हणालात त्याच्या शब्दावर मी कारखाना बंद ठेवू? हे बगा, बाई, राग मानू नका. मागणी गेली म्हणून तर नाही ना हे?”

तो प्रश्न ऐकून मोहित्यांनीसुद्धा मान खाली घातली.

“तसं वाटणं साहजिक आहे, साहेब,” त्या म्हणाल्या. “पण ग्लास गुलाबी आहे.”

साहेब माझ्याकडे वळले. “चीफ, रस घ्यायचा की नाही, हे तुम्ही सांगायचं. तुमची नळी काय म्हणते?”

मी बाईंना विचारले, “तुमचं यंत्र चुकू शकतं का?”

“चुकू शकतं.”

“आत काही सापडलं नाही तर?”

“तर मी चुकले, आणि हे तुम्ही सांगलीपर्यंत सगळ्यांना सांगाल. सांगायलाच हवं. पण म्हणून तर उघडून बघा म्हणते. यंत्र चुकतच नसतं, तर बघायची काय गरज होती?”

मी आयुष्यभर वाद घातले आहेत आणि वादात माणसे स्वतःच्या बाजूचे दुबळे टोक कसे झाकतात, हे मला चांगले ठाऊक आहे. ही बाई सकाळपासून आपले प्रत्येक दुबळे टोक आपल्याच हाताने उघडे करून ठेवीत होती. जिने साखर दिसत नाही म्हणून सांगताना मागणी घालवली, ती सोडा दिसतो म्हणून सांगते, तेव्हा तिच्यावर अविश्वास ठेवायला मला कोणताही आधार सापडेना.

“रस घेऊ नका, साहेब,” मी म्हणालो.

बॉडी रिकामी झाली, धुतली, थंड केली गेली. वाफेच्या बाजूला पाणी दाबले. आत कोणी उतरायचे यावर चर्चा होण्यापूर्वीच मोहित्यांनी शर्ट काढला आणि बॅटरी घेऊन मनुष्यद्वारातून आपला भरदार देह कसाबसा आत घातला. आतून त्यांच्या खोकल्याचा आणि पुटपुटण्याचा घुमणारा आवाज येत राहिला. बाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. त्या दिवसात त्यांच्या मनाची जी काय खूण दिसली ती तेवढीच. साहेब दहा वेळा घड्याळ पाहून झाले होते.

बराच वेळ गेला. मग आवाज थांबला. मोहित्यांचे डोके दारातून बाहेर आले, भिजलेले, कपाळाला काळा डाग लागलेला.

“साहेब,” ते म्हणाले, “भिंतीकडच्या रांगेत. रडतीया एक.”

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेबांनी खिशातून रुमाल काढून मोहित्यांना दिला. बाईंनी हात सोडले आणि मनगट चोळले.

ती नळी दोन्ही तोंडांशी बूच ठोकून बंद केली. दुसऱ्या दिवशी सकाळी गव्हाण सुरू झाली, गाडीवानांनी आरोळी ठोकली आणि खराडेसाहेबांनी बाईंना व मला वरच्या केबिनमध्ये बोलावून घेतले. साहेबांची कळी खुलली होती.

“बाई, मानलं. सगळीकडं लावून टाका. बॉड्या, पॅन, बॉयलरच्या पाण्याची टाकी, एक वाहिनी सोडू नका. लॅबची ती तासातासाची भानगड आजपासून बंद. तांबोळी-बिंबोळींना मी दुसरीकडं लावतो.”

“बॉड्यांना आणि टाकीला लावते,” बाई म्हणाल्या. “पॅनला नाही.”

“परत तेच?”

“परत तेच, साहेब. काल एक नळी सापडली म्हणून साखर दिसायला लागली, असं नाही. तुम्ही लॅबची तपासणी बंद करणार असाल, तर मला पॅनवर यंत्र लावता येणार नाही.”

“अवो, मी घेतोय, तुम्ही द्यायचं. वापरणार मी आहे.”

“बॉयलर पण तुमचा आहे. आणि त्याच्यापुढे उभी राहणारी माणसंही.”

साहेबांच्या कपाळावर आठी चढली. बारा गावच्या राजकारणात मुरलेला माणूस तो. ‘नाही’ ऐकायची त्याला सवय नव्हती, आणि विकणाऱ्याच्या तोंडून तर मुळीच नव्हती. “सगळी घेईन, नाहीतर एक पण नाही,” ते म्हणाले. “विचार करा. शेडचं मी ऐकलंय.”

बाईंनी खरोखर विचार केला. त्यांनी लगेच उत्तर दिले असते, तर मला ते इतके मोठे वाटले नसते. त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. कोणाचा चेहरा त्यांच्या डोळ्यांपुढे होता, कारागिरांचा की पुण्याच्या साहेबाचा, कोण जाणे. मग त्यांनी पर्स उचलली.

“मग एक पण नाही, साहेब. यंत्र काढून घेते,” त्या म्हणाल्या, नमस्कार केला आणि जिना उतरून गेल्या.

साहेब माझ्याकडे पाहू लागले. “बघितलंत? विकायला आली होती की भांडायला?”

“भांडायला मी आहे की, साहेब,” मी म्हणालो आणि समोरची खुर्ची ओढून बसलो.

पुढे मी जे बोललो ते सगळे आता आठवत नाही. लांबलचक बोललो असणार. एवढे आठवते की मी म्हणालो, “आपल्याकडे येणारा प्रत्येक विक्रेता आपला माल काय करू शकतो ते सांगतो. काय करू शकत नाही ते सांगणारी आज पहिल्यांदा आली, आणि आपण तिला परत पाठवतो आहोत. उद्या दुसरा कोणी येईल. तो म्हणेल, साहेब, सगळं दिसतं. ते घेऊन आपण माणसं काढू, आणि पॅनवरून साखर येईल तेव्हा भोंगा वाजणार नाही.”

साहेबांनी पानाचा डबा उघडला, मिटला. खाली पहिल्या बॉडीजवळ बाई पाना घेऊन उभ्या असलेल्या दिसत होत्या. मोहिते त्यांच्यापुढे हात पसरून आडवे उभे होते आणि पाइपला हात लावू देत नव्हते.

“काल सकाळी तुम्हीच सरबत पाजलंत की मोहित्यांना, तिची जिरवायला,” साहेब म्हणाले.

“पाजलं. म्हणूनच बोलतोय.”

साहेबांनी डबा बाजूला सरकवला. मग म्हणाले, “बरं. लॅब राहू द्या तुमची. किती घ्यायची यंत्रं?”

“ते मला नका विचारू. बाईंना वर बोलवा आणि त्यांनाच विचारा,” मी म्हणालो. “आणि घाबरू नका, साहेब. त्या कमीच सांगतील.”